ऑक्साइडच्या थरावर इलेक्ट्रोलाइटचा थेंब

गेल्या अंकातील एका उत्तरात मी ओघाने असे लिहिले होते की, ऑक्साइडच्या पातळ थरावर आयनयुक्त, म्हणजे विद्युतभारित कण असलेल्या, द्रवाचा एक थेंब ठेवून त्या थेंबाला एक-दोन व्होल्टचे विभवांतर दिले, तर त्या थराचा विद्युतरोध, रंग, चुंबकत्व, फार काय त्याची अतिवाहकताही (रोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुणही) बदलता येते. या पद्धतीला इलेक्ट्रोलाइट गेटिंग म्हणतात: इलेक्ट्रोलाइट म्हणजे आयनयुक्त द्रव, आणि गेट म्हणजे ज्याला व्होल्टेज देऊन थराची वाहकता बदलायची ते टोक. त्या चार ओळींवर सोलापुरातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर मी त्याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त ओळख दिली आहे, आणि लांब पत्रांतील प्रश्नापुरता भाग घेतला आहे.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या प्रयोगशाळेत झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणाचा फवारा तापलेल्या काचेवर मारून आम्ही झिंक ऑक्साइडचे थर तयार करतो. पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरविषयी वाचताना गेटला ५० किंवा १०० व्होल्ट दिल्याचे आढळते. मग तुमच्या थेंबाला दोनच व्होल्ट कसे पुरतात? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : गेट आणि थर मिळून एक कपॅसिटर होतो, आणि कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमधील अंतर जितके कमी तितकी त्याची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, जास्त, हे तुम्ही बी.एस्सी.लाच शिकला आहात. नेहमीच्या प्रयोगात गेट आणि अर्धवाहक यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा निरोधक थर असतो. तो ३०० नॅनोमीटर जाडीचा धरला, तर त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११.५ नॅनोफॅरड येते. त्यावर १०० व्होल्ट लावले, की एका चौरस सेंटिमीटरमागे साधारण ७ लाख कोटी इलेक्ट्रॉन गोळा होतात.

आता तो निरोधक थर काढून टाका आणि त्याच्या जागी आयनयुक्त द्रव आणा. गेट धन केले की द्रवातील ऋण आयन गेटकडे जातात, धन आयन ऑक्साइडच्या पृष्ठभागाला लगटून उभे राहतात, आणि त्यांच्या समोर, ऑक्साइडच्या आतल्या बाजूला, तितकाच ऋण प्रभार येऊन थांबतो. या जोडीला विद्युत द्विस्तर म्हणतात. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच तिची कल्पना मांडली होती. या द्विस्तराच्या दोन बाजूंमधील अंतर १ नॅनोमीटरच्या घरात असते, म्हणून त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरडच्या आसपास जाते. दोन व्होल्टमध्ये एका चौरस सेंटिमीटरमागे १२५ लाख कोटी इलेक्ट्रॉन जमतात. व्होल्ट पन्नासपटींनी कमी केले, आणि प्रभार मात्र सतरापटींहून अधिक मिळाला.

या आकड्याचे मोल कळण्यासाठी तो अणूंच्या संख्येशी ताडून पाहावा. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकातील सर्वांत लहान आवर्ती घनाची बाजू ०.३९ नॅनोमीटर असते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर असे सुमारे ६६० लाख कोटी घन मांडलेले असतात. सिलिकॉन डायऑक्साइडच्या गेटने नव्वद-एक घनांमागे एक इलेक्ट्रॉन मिळतो, थेंबाने पाच घनांमागे एक. नव्वदांत एक ही भेसळ झाली, पाचांत एक म्हणजे पदार्थाची जातच पालटण्याजोगे प्रमाण झाले. एरवी इतके इलेक्ट्रॉन घालायचे तर भट्टीत वेगळ्या मूलद्रव्याचे अणू मिसळून नवा नमुना करावा लागतो. इथे नमुना तोच राहतो, आणि व्होल्टेजची चावी फिरवून त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या पायरीपायरीने वाढवत नेता येते. मला या पद्धतीचे सर्वांत जास्त आकर्षण वाटते ते याच कारणासाठी.

जपानमध्ये २००७ मध्ये याच रीतीने झिंक ऑक्साइडला निरोधकाकडून धातूसारख्या वाहकतेकडे नेण्यात आले, तेव्हा तुमच्या हातातील पदार्थ या विषयाला परका नाही. २००८ मध्ये स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये ०.४ केल्विनला (केल्विनचे तापमान उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजतात), आणि २०११ मध्ये पोटॅशियम टँटलेटमध्ये ०.०५ केल्विनच्या जवळ अतिवाहकता दिसली. दुसरा शोध अधिक महत्त्वाचा, कारण पोटॅशियम टँटलेट हे त्याआधी कोणत्याही मार्गाने अतिवाहक झालेले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तांबेयुक्त ऑक्साइडच्या अत्यंत पातळ थरात अतिवाहकता सुरू होण्याचे तापमान केवळ गेटच्या जोरावर कमाल ३० केल्विनने सरकवण्यात आले.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला विज्ञानशिक्षक आहे. ट्रान्झिस्टरला ओल आणि क्षार यांचा स्पर्श चालत नाही, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आयन मुद्दाम आणून पृष्ठभागावर बसवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे नव्हे काय? (विजापूर रस्ता)

उत्तर : गुरुजी, आपण शिकवलेत ते बरोबरच होते. १९६० च्या दशकात सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांमध्ये निरोधक थरात शिरलेल्या सोडियम आयनांनी अभियंत्यांना फार छळले, आणि ते आयन बाहेर ठेवण्याची रीत सापडल्यावरच त्या तंत्राला स्थैर्य आले. पण त्याच्याही आधीची एक हकिगत आपल्याला आवडेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ शॉकली यांना विद्युतक्षेत्राने अर्धवाहकाची वाहकता बदलायची होती आणि ती बदलत नव्हती, कारण पृष्ठभागावर अडकून पडलेले इलेक्ट्रॉन ते क्षेत्र आत पोहोचू देत नव्हते. हे कारण त्यांचे सहकारी बार्डीन यांनी ओळखले. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याच गटातील ब्रॅटन यांनी, सिलिकॉनवर साचणाऱ्या दवाला कंटाळून, सगळा नमुनाच द्रवात बुडवला, आणि रसायनशास्त्रज्ञ गिब्नी यांनी सुचवल्याप्रमाणे द्रवाचे विभव बदलून पाहिले. द्रवातील आयनांनी ती अडवणूक मोडून काढली आणि हवा असलेला परिणाम दिसला. पुढचे काही दिवस त्यांनी थेंबावरच काम केले. मात्र आयन जड आणि संथ असल्यामुळे ते साधन सेकंदाला दहा-एक आवर्तनांपलीकडे चालेना, म्हणून द्रव बाजूला ठेवला गेला, आणि १६ डिसेंबर १९४७ रोजी जर्मेनियमवर पहिला ट्रान्झिस्टर चालला.

म्हणजे द्रव मागे पडला तो संथपणामुळे. आज ज्याला वेगवान स्विच नको आहे, पदार्थाचा स्वभाव बदलून पाहायचा आहे, त्याला तो संथपणा सोसतो. उलट, बरेचसे आयनिक द्रव (केवळ आयनांचेच बनलेले द्रव) २०० केल्विनच्या आसपास काचेसारखे गोठतात, तेव्हा आयन जिथे उभे केले असतील तिथेच खिळून राहतात, आणि गेटने दिलेला प्रभार कायम ठेवून थराला अतिशीत तापमानापर्यंत नेता येते.

प्रश्न : आमचा सुताच्या लडी रंगवण्याचा व्यवसाय आहे. व्हॅट रंगाच्या टबात हायड्रो घातले की रंग पालटतो, आणि लडी बाहेर काढून पिळून हवेत धरली की खरा रंग परत येतो. टंगस्टन ऑक्साइडचा थर व्होल्टेज दिल्यावर निळा होतो आणि उलटे दिल्यावर पुन्हा बिनरंगी होतो, असे तुम्ही लिहिले होते. हे आमच्या टबासारखेच आहे काय? आणि थरात नेमके शिरते काय, नुसती वीज की काही पदार्थ? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यावर गेली अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वाद झालेला आहे, म्हणून या उत्तराला मी सर्वांत जास्त जागा देतो.

आधी टबाचे. हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देते. त्यामुळे तो रेणू अल्कयुक्त पाण्यात विरघळण्याजोगा होतो, सुताच्या तंतूंत शिरतो, आणि लडी हवेत आली की हवेतील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो. रेणू पुन्हा न विरघळणारा होतो आणि तंतूच्या आत अडकून बसतो, म्हणून तो रंग पक्का. टंगस्टन ऑक्साइडमध्येही इलेक्ट्रॉनांची अशीच देवघेव होते, पण ती व्होल्टेजच्या हुकमाने होते. एका बाजूने तारेतून इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने द्रवातून हायड्रोजनचा किंवा लिथियमचा आयन येतो, दोघे एकदम आत जातात, आणि थर निळा होतो. विभवांतर उलटे केले की दोघे परततात. निळीच्या टबाशी तुलना केली तर दिशा मात्र उलटी आहे: नीळ इलेक्ट्रॉन गमावल्यावर निळी होते, टंगस्टन ऑक्साइड इलेक्ट्रॉन मिळाल्यावर. तेव्हा टंगस्टन ऑक्साइडपुरते उत्तर स्पष्ट आहे. तिथे पदार्थ शिरतो.

पण वर सांगितलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या प्रयोगाची मांडणी वेगळी आहे. तिथे आयन बाहेरच उभे राहावेत आणि आत फक्त इलेक्ट्रॉन जमावेत, अशी अपेक्षा असते. अडचण अशी की, बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन प्रकार सारखेच दिसतात. गेट धन असताना तीन गोष्टी घडू शकतात. केवळ इलेक्ट्रॉन जमतील. किंवा त्या प्रचंड विद्युतक्षेत्राने थरातील ऑक्सिजन द्रवात ओढला जाईल, आणि जाताना प्रत्येक अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवील. किंवा द्रवात राहिलेल्या पाण्याच्या अंशातून हायड्रोजनचा आयन आत शिरेल, आणि त्याच्या जोडीला तारेतून एक इलेक्ट्रॉन येईल. तिन्ही वेळा थरातील इलेक्ट्रॉन वाढतात, तिन्ही वेळा मीटरवरचा रोध उतरतो. हॉल परिणामाने, म्हणजे चुंबकक्षेत्रात धारेला आडव्या दिशेने निर्माण होणाऱ्या विभवांतराने, इलेक्ट्रॉनांची संख्या मोजता येते, पण ते कुणी आणले हे त्या मोजणीतून कळत नाही.

यामुळे केवढा गोंधळ होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे व्हॅनेडियम डायऑक्साइड. हा पदार्थ सुमारे ६८ अंश सेल्सिअसच्या खाली निरोधकासारखा आणि वर धातूसारखा वागतो, हे १९५९ पासून माहीत आहे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले की, थेंबाच्या गेटने पृष्ठभागावर प्रभार जमवला असता काही दशक नॅनोमीटर जाडीचा सगळाच्या सगळा थर धातू होतो. हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या, कारण इलेक्ट्रॉन दाट असलेल्या पदार्थात बाहेरचे विद्युतक्षेत्र एक-दोन नॅनोमीटरच्या आतच निपटते. मग खालचे अणू बदलले कसे? लेखकांचे स्पष्टीकरण असे होते की, पृष्ठभागाने रूप बदलले की त्याच्या ओढीने सगळा स्फटिक रूप बदलतो. ते अशक्य नव्हते. परंतु २०१३ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील आल्माडेन प्रयोगशाळेतील गटाने दाखवले की, आयनिक द्रव पूर्णपणे धुऊन काढल्यावरही थर धातूच राहतो, तोही ५ केल्विनच्या खालीपर्यंत. विजेने आणलेले इलेक्ट्रॉन असते, तर समोरचे आयन गेल्यावर ते थांबले नसते. भोवती ऑक्सिजन वायू ठेवला तर गेटचा परिणाम दबतो, हेही त्यांनी दाखवले, आणि १८ वस्तुमानांकाच्या जड ऑक्सिजनचा माग काढून थर आणि बाहेर यांच्यात ऑक्सिजनच ये-जा करतो हे पटवून दिले.

आपल्या धंद्यात रंग कच्चा की पक्का हे ठरवायला ओले पांढरे फडके लडीवर घासून पाहतात. द्रव धुऊन थराचा रोध पुन्हा मोजणे ही आमची तशीच कसोटी, पण ती एकटी पुरत नाही, म्हणून आणखी काही सांगतो. वेगवेगळ्या जाडीचे थर घ्यावेत, कारण परिणाम पृष्ठभागापुरता असेल तर जाडी वाढवल्याने बदललेला भाग वाढणार नाही. क्ष-किरणांनी स्फटिकातील अंतरे मोजावीत, कारण ऑक्सिजन निघून गेलेला थर सहसा किंचित फुगतो आणि निव्वळ प्रभाराने असे फुगणे अपेक्षित नसते. तापमान द्रव गोठण्याच्या जरा वर, २२० केल्विनच्या आसपास ठेवावे, म्हणजे आयन हलतील पण रासायनिक क्रिया मंदावतील. काही गटांनी थर आणि द्रव यांच्यामध्ये बोरॉन नायट्राइडचा काही अणूंइतका पातळ पापुद्रा ठेवला. त्यातून विद्युतक्षेत्र जाते, अणू जात नाहीत. मला स्वतःला ही युक्ती सर्वांत निर्मळ वाटते.

मी स्पष्ट मत देतो. रोध उतरल्याचा आलेख दाखवून, वरीलपैकी एकही कसोटी न लावता, ‘विद्युतक्षेत्राने हे घडवले’ असे लिहिणारा निबंध माझ्या हाती आला तर मी तो परत पाठवीन. याचा अर्थ आयनांचे आत शिरणे कमी प्रतीचे आहे असा मात्र मुळीच नव्हे. बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये स्ट्रॉन्शियम कोबाल्ट ऑक्साइडच्या एकाच थराची तीन रूपे करून दाखवली. एका दिशेचे व्होल्टेज दिले की द्रवातील पाण्याच्या अंशातून हायड्रोजन आत येतो, उलटे दिले की ऑक्सिजन आत येतो, आणि मधले मूळ रूप असते. तिन्ही रूपांची पारदर्शकता, विद्युतवाहकता आणि चुंबकीय स्वभाव वेगळे, आणि एकातून दुसऱ्यात जाऊन परतही येता येते. ज्या पाण्याच्या अंशाला बाकीचे लोक दोष देत होते, त्याच्याकडूनच त्यांनी काम करून घेतले. पदार्थ शिरला हे त्यांनी आधी ओळखले आणि मग त्याचा वापर केला, म्हणून ते काम मला मोलाचे वाटते.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडक्या दुपारनंतर उघड्या ठेवता येत नाहीत. या थरांची काच बसवली तर ऊन आपोआप अडेल काय? (गृहिणी, होटगी रस्ता)

उत्तर : दोन वेगळ्या काचा आहेत. टंगस्टन ऑक्साइडची काच बटण दाबल्यावर निळसर गडद होते, एकदा गडद झाली की काही काळ विजेशिवाय तशीच राहते, आणि अशा काचा काही मोठ्या इमारतींत बसवलेल्या आहेत. त्यात द्रवाचा थेंब नसतो, त्याच्या जागी आयन वाहून नेणारा घन थर किंवा जेल असते. भारतातील सामान्य घराच्या खर्चात ती आज बसत नाही. दुसरी काच व्हॅनेडियम डायऑक्साइडची. ती विजेशिवाय, केवळ तापून, उष्णतेचे किरण अडवू लागते, पण ६८ अंशांना. थोडे टंगस्टन मिसळून ते तापमान खाली आणता येते, मात्र तसे करताना काचेतून येणारा उजेड आणि अडणारी उष्णता यांचा मेळ बसवणे अवघड जाते, आणि संशोधन सध्या तिथे अडलेले आहे. तोवर खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारणे हाच खात्रीचा उपाय आहे. बाहेरून अशासाठी की, काच ओलांडून आत आलेले ऊन मग खोलीतच राहते.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थी आहे. काचेवर १०० नॅनोमीटर जाडीचा झिंक ऑक्साइडचा थर, चांदीच्या पेस्टचे दोन जोड, आणि टेट्राफ्लुओरोबोरेट जातीचा आयनिक द्रव, अशी माझी मांडणी आहे. द्रवाखालचा भाग ५ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर आहे. गेटला २ व्होल्ट देऊन अर्धा तास थांबलो की रोध उतरतो, पण गेट शून्यावर आणल्यावर तो पूर्ण परत येत नाही. एप्रिलमधील मापने आणि जुलैमधील मापने जुळतही नाहीत. गेटची गळती फक्त १ नॅनोअँपिअर आहे, म्हणून ती मी सोडून दिली आहे. चूक कुठे असावी? (पूर्व भाग)

उत्तर : तुम्ही ज्याला ‘फक्त’ म्हटले तिथूनच सुरुवात करू. तुमच्या भागाचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस सेंटिमीटर. द्विस्तराची धारिता १० मायक्रोफॅरड धरली, तर तुमच्या थेंबाखाली अर्धा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, आणि २ व्होल्टमध्ये तो १ मायक्रोकूलंब प्रभार घेऊन भरतो. हे काम पहिल्या काही सेकंदांत आटोपते. त्यानंतर १ नॅनोअँपिअर धारा अर्धा तास, म्हणजे १८०० सेकंद वाहिली, तर आणखी १.८ मायक्रोकूलंब गेले. कपॅसिटर भरायला लागला त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रभार दुसऱ्याच कुठल्यातरी कामी लागला. तो सगळा थरात हायड्रोजन शिरण्यात खर्च झाला असे क्षणभर धरा. सुमारे ११ लाख कोटी हायड्रोजन, आणि तुमच्या थरातील झिंकचे अणू मोजले तर साधारण १९०० झिंक अणूंमागे एक हायड्रोजन. झिंक ऑक्साइडचा रोध कायमचा उतरायला एवढे खूप आहे. अर्थात सगळा प्रभार थरातच गेला असेल असे नाही. काही गेटच्या पृष्ठभागावरील क्रियेत, काही द्रवातील अशुद्धीत गेला असेल. पण ही वरची मर्यादा इतकी मोठी असताना गळती सोडून देता येत नाही.

दुसरी गोष्ट चांदी. याबाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. काही वर्षांपूर्वी एका थराचा रोध गेट दिल्यावर इतका सुरेख उतरला की मी दोन आठवडे त्याच नमुन्यावर मापने घेत राहिलो. मग एका संध्याकाळी तो नमुना सहज भिंगाखाली धरला. थेंब पसरून चांदीच्या जोडाला टेकला होता, आणि जोडापासून थराच्या मध्याकडे, थेंबाच्या कडेकडेने, नेच्याच्या पानासारखी करडी-चंदेरी नक्षी सरकत आली होती. चांदी द्रवात विरघळून पुन्हा थरावर चढली होती. मी मोजत होतो तो ऑक्साइडचा रोध नव्हताच, त्यावरून गेलेल्या चांदीच्या वाटेचा होता. ती दोन आठवड्यांची सारी मापने मी रद्द केली. तुम्ही आजच तुमचा नमुना भिंगाखाली पाहा. जोड शक्यतो सोन्याचे करा, आणि चांदीच वापरायची तर जोडावर आणि त्याच्या भोवती इपॉक्सीचा लेप देऊन, तो पूर्ण सुकल्यावर, थेंबाला मधली मोकळी जागा तेवढी द्या.

आता एप्रिल आणि जुलै. सोलापूरचा एप्रिल किती कोरडा आणि जुलै किती दमट, हे तुम्हाला सांगायला नको. आयनिक द्रव हवेतील ओल शोषतात, आणि टेट्राफ्लुओरोबोरेटचा आयन पाण्याशी हळूहळू क्रिया करून हायड्रोजन फ्लुओराइड सोडतो. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते, आणि हायड्रोजन फ्लुओराइड तर काचेलाही खाते, माणसालाही घातक असते. तुमचा थर जुलैत थेंबाखाली झिजत असण्याची दाट शक्यता आहे. हा द्रव सोडा आणि पाण्याला दाद न देणारा बिस-ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल-इमाइड आयनाचा द्रव घ्या. तोही वापरण्यापूर्वी निर्वातात सुमारे १०० अंशांवर काही तास ठेवून कोरडा करा, आणि मापन कोरड्या नायट्रोजनमध्ये करा. एप्रिलविषयीही एक शंका आहे. झिंक ऑक्साइडवर अतिनील किरण पडले की पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन सुटतो, आणि वाढलेली वाहकता अंधारातही कित्येक तास उतरत नाही. तुमचे टेबल खिडकीजवळ असेल, तर एप्रिलच्या उन्हाने तुमच्या गेटपेक्षा जास्त काम केले असेल. नमुना आदल्या रात्रीपासून काळ्या कापडाने झाकलेल्या डब्यात ठेवा आणि मापन अंधारातच घ्या.

गेटचे क्षेत्रफळ तुम्ही कळवलेले नाही. ते थराच्या भागापेक्षा निदान दहापट मोठे असायला हवे, नाहीतर दोन व्होल्टपैकी बराचसा वाटा गेटजवळच्या द्विस्तरावर पडतो आणि थराला नक्की किती मिळाले हे कळत नाही. साध्या तारेऐवजी प्लॅटिनमची जाळी किंवा गुंडाळी वापरा.

हे सगळे केल्यावर पहिल्या दिवशी गेट जोडूच नका. थेंब ठेवा आणि दोन तास फक्त रोध पाहा. तो आपोआप सरकत असेल, तर गेटचा काही संबंध नाही, द्रव आणि थर यांचेच जमत नाही आहे. रोध स्थिर राहिला, तर दुसऱ्या दिवशी गेट ०.५ व्होल्टपासून चढवा, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटे थांबा, शून्यावर आणा, पुन्हा दहा मिनिटे थांबा, आणि मग पुढची पायरी घ्या. रोधाबरोबर गेटची धाराही प्रत्येक सेकंदाला नोंदवा आणि तिची बेरीज करून एकूण प्रभार काढा. जोवर शून्यावर आल्यावर रोध पूर्ण परत येतो आणि गेलेला प्रभार परतही मिळतो, तोवर तुमच्या थरात केवळ इलेक्ट्रॉन ये-जा करत आहेत असे मानायला आधार आहे. ज्या पायरीपासून परतीचा हिशेब जुळेनासा होईल, त्या व्होल्टेजचा आकडा, आणि त्या पायरीचे रोध व गेटधारा यांचे दोन्ही आलेख मला पाठवा.